जाण कोणाची ठेवायची?

(विहाराच्या वर्धापन दिनी सायंवंदनेनंतर केलेले भाषण. बोललो तसेच, जरा नीटनेटके करून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'दैनंदिन जीवन आणि कृतज्ञता'. खरं सांगायचं तर विषय ऐकून आम्ही थोडे बिचकलो. आम्ही पडलो गिरणी कामगार. शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते ह्याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांनी केले. बारा तास साच्यावर उभा राहून आलेल्या कामगाराला कोणी म्हणाले, 'बाबा रे, मिळाले त्यात समाधान मान, आभार मान', तर त्याला पहिला संशय येतो की ह्याला मालकाने तर पाठवले नाही ना? तो संशय आमच्या मनात आजही आहे. तो झाकून ठेवून गोड गोड बोललो तर ते खोटे होईल. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आमचे आजोबा सिन्नर तालुक्यातल्या एका गावात येसकर होते. येसकराची पाळी आली की खांद्यावर घोंगडी, हातात काठी घेऊन संध्याकाळी दारोदार फिरायचे. अंगणाच्या कडेला उभे राहून आवाज द्यायचा, मग वरून टोपल्यात भाकर पडायची. बऱ्याचदा शिळी. उरलेले तुकडे आमची आजी उन्हात वाळवून मडक्यात भरून ठेवायची आणि पावसाळ्यात पाण्यात उकळून, मीठ-मिरची टाकून पोरांना घालायची. हे सगळं आजी हसत हसत सांगायची, बरं का. भूक तिला डाचत नव्हती. तिला डाचायचे ते एक वाक्य. सणाला पोळीचा तुकडा टाकताना वाड्यावरची बाई म्हणायची, "आमच्या जिवावर जगता, जाण ठेवा." आजी म्हणायची, "तुकडा घशाखाली उतरायचा रे, पण ते 'जाण ठेवा' काही उतरायचं नाही."

आता हिशोब करून बघा. आजोबा काय करत होते? गावाची राखण करायची. शेताच्या हद्दीचा तंटा निघाला की साक्ष द्यायची. सरकारी अंमलदार आला की त्याच्या पुढे धावायचे. सारा डोक्यावर घेऊन तालुक्याला पोचवायचा. कोणी मेले तर रात्री-अपरात्री पावसातून दुसऱ्या गावी सांगावा न्यायचा. मेलेले जनावर ओढायचे. एवढी सगळी कामे करणारा माणूस गावाच्या जिवावर जगत होता, की गाव त्याच्या जिवावर जगत होते? जाण कोणी कोणाची ठेवायला पाहिजे होती?

हा हिशोब आमच्या आजीला मनातून कळत होता, पण तो मांडून दाखवायला बाबासाहेब यावे लागले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. त्या विधेयकाचा गाभा एवढाच होता की माणसाकडून काम घेता, तर त्याला रीतसर मोबदला द्या. प्रत्यक्षात ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. तोपर्यंत बाबासाहेब आपल्यातून गेले होते.

म्हणून आपल्या समाजाला 'कृतज्ञता' शब्द ऐकला की अंगावर काटा येतो, त्यात काही नवल नाही. हा शब्द आपल्यावर काठीसारखा वापरला गेला. आजही वापरतात. कारखान्यात पोरगा पगारवाढ मागायला गेला की साहेब म्हणतो, "नोकरी दिली त्याची जाण नाही तुला." हक्काच्या पैशाचे आभार मानायचे नसतात हे आपण पोरांना शिकवले पाहिजे, आणि आम्ही ते शिकवतो.

पण धम्म वाचायला लागलो तेव्हा एका ठिकाणी आम्ही अडखळलो. आपण लग्नात, नामकरणात, नव्या घराच्या प्रवेशाला मंगलसुत्त म्हणतो. तोंडपाठ असते, पण अर्थाकडे लक्ष नसते. त्यात तथागतांनी जी मंगले सांगितली आहेत, त्यांत आईवडिलांची सेवा आहे, बायकामुलांचा सांभाळ आहे, निर्दोष काम आहे, आणि 'कतञ्ञुता' सुद्धा आहे. आम्ही कोड्यात पडलो. ज्या शास्त्याने माणसाला कोणापुढे लाचार व्हायला सांगितले नाही, तो कृतज्ञतेला मंगल कसे म्हणतो?

मग एका वर्षावासात भन्तेजींनी शब्द फोडून सांगितला. कत म्हणजे केलेले. ञू म्हणजे जाणणारा. कतञ्ञू म्हणजे केलेले जाणणारा. आणि त्याच्या जोडीला नेहमी दुसरा शब्द येतो, कतवेदी. म्हणजे जाणून गप्प न बसणारा. ते बोलून दाखवणारा, फेडणारा. अंगुत्तर निकायात भगवान सांगतात की जगात दोन तऱ्हेची माणसे दुर्मीळ असतात. एक पुब्बकारी, म्हणजे कोणी न सांगता आधी चांगले करणारा. दुसरा हा कतञ्ञू-कतवेदी. आम्हाला एकदम आजीचे वाक्य आठवले. जाण! शब्द तोच की. वाड्यावरच्या बाईने जो शब्द उलटा करून आजीच्या टोपल्यात टाकला होता, तो मुळात किती सरळ होता. कोणी काय केले, ते खरेखुरे जाणणे. त्यात वाकणे नाही, हात जोडणे नाही. उलट डोळे उघडे ठेवणे आहे. ज्याला कोणी काय केले हे नीट कळते, त्याला कोणी काय केले नाही हेही कळते. म्हणून कृतज्ञ माणूस हक्क सोडील असे आम्हाला वाटत नाही.

सारिपुत्तांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी पोरांसाठी सांगतो. राध नावाचा एक म्हातारा होता. जन्माने ब्राह्मण, पण दरिद्री. विहारात येऊन पडला होता. अंगण झाडायचा, गवत उपटायचा, भिक्खूंना पाणी द्यायचा. त्याला प्रव्रज्या हवी होती, पण म्हातारा म्हणून कोणी द्यायला तयार नव्हते. तथागतांनी भिक्खूंना विचारले, ह्या माणसाने केलेले एखादे काम कोणाला आठवते का? सगळे गप्प. तेव्हा सारिपुत्त म्हणाले, मला आठवते. राजगृहात मी भिक्षेला फिरत होतो, तेव्हा ह्याने आपल्या वाट्याच्या अन्नातली एक पळी मला वाढली होती. एक पळी! सारिपुत्त म्हणजे धम्मसेनापती. हजारो घरची भिक्षा त्यांच्या पात्रात पडली असेल. पण एका गरीब माणसाची एक पळी त्यांनी लक्षात ठेवली, आणि चारचौघांत सांगितली, आणि स्वतः त्याला प्रव्रज्या दिली. आमच्या मते ह्या गोष्टीतला मोठा प्रश्न तथागतांचा आहे. ह्या माणसाने केलेले कोणाला आठवते का? तो प्रश्न आज आपल्या विहारात विचारला तर किती हात वर होतील?

ह्याच प्रश्नाचे उत्तर दगडात लिहिलेले बघायचे असेल तर आपल्याला बुद्धगयेला जायची गरज नाही. त्रिरश्मी लेणी इथून बसने जाऊन-येऊन अर्ध्या दिवसाचे काम. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा तिथे काही संबंध नाही, तो शिलालेखांनी केव्हाच निकालात काढला आहे. तिथे दरवर्षी आपण सहल नेतो. पोरे पायऱ्या चढतात, फोटो काढतात, डबे खातात आणि उतरतात. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. नंतर एका शिबिरात धम्मलिपीची चार अक्षरे शिकलो, लेखांची मराठी भाषांतरे वाचली, आणि दहा नंबरच्या लेण्यासमोर उभे राहिलो तेव्हा गिरणी कामगार म्हणून आमचे पाय जमिनीला खिळले.

तिथे उषवदाताचा लेख आहे. हा शक क्षत्रप नहपानाचा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने भिक्खू संघासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठे ठेवली? राजवाड्यात नाही, सावकाराकडे नाही. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे आपल्या भाषेत विणकरांची संघटना. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा दरमहा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आम्ही तिथेच कट्ट्यावर बसून गुणाकार केला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब पैशाला पैसा जुळतो! आणि हे सगळे नगराच्या सभेत जाहीर करून फळ्यावर नोंदवले, असेही लेखात आहे.

आता बघा. लेण्यात नाव उषवदाताचे आहे. त्याचा मोठेपणा आम्ही नाकारत नाही. पण ते व्याज कुठून येत होते? कोणी तरी पहाटे उठून मागावर बसत होते, सूत सांधत होते, कापड विणून बाजारात नेत होते, तेव्हा महिन्याचे वीस कार्षापण उभे राहत होते. वीस भिक्खूंच्या अंगावरचे चिवर कोष्ट्यांच्या हातातून आले. त्या कोष्ट्यांपैकी एकाचेही नाव तिथे नाही. आम्ही आयुष्यभर त्रासन खात्यात सूत काढले. तार तुटली की बोटाने सांधायची, बाबीण भरली की काढायची, रात्रभर. ते सूत कुठे गेले, त्याचा सदरा कोणी घातला, आम्हाला माहीत नाही, आणि घालणाऱ्यालाही आम्ही माहीत नाही. म्हणून त्या लेखासमोर आम्हाला आमच्याच खात्यातल्या माणसांसारखे वाटले.

पण त्रिरश्मीवर दुसरेही आहे. आठव्या लेण्यात मुगूदास नावाच्या माणसाने कुटुंबासह दान दिल्याचा लेख आहे. तो कोळी होता, असा विद्वानांनी अर्थ लावला आहे. राजाच्या जावयाच्या शेजारी मासे धरणारा, सहकुटुंब. आणि विसाव्या लेण्यातला लेख तर प्रत्येक विहार समितीने फ्रेम करून लावावा असा आहे. बोपकी नावाच्या यतीने ते लेणे कोरायला घेतले, पण काम बरीच वर्षे अपुरे पडून राहिले. पुढे यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पुरे केले. ती सेनापतीची बायको. पैसा तिचा, माणसे तिची. 'हे लेणे मी केले' असे कोरून टाकले असते तर तिला कोण विचारणार होते? पण तिने आधी बोपकीचे नाव कोरले. त्याने आरंभ केला, अपुरे राहिले, मी पुरे केले. एवढेच. कतञ्ञू-कतवेदी म्हणजे काय, हे आम्हाला ग्रंथापेक्षा ह्या बाईने जास्त समजावले.

बाबासाहेबांचे पण तेच. आपण त्यांच्या ग्रंथांची पहिली पाने उलटून पुढे जातो, तसे करू नका. १९२३ सालचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे, आणि ते कशासाठी तेही लिहिले आहे, मला शिकवण्यासाठी त्यांनी सोसले म्हणून. 'शूद्र पूर्वी कोण होते' हा १९४६ सालचा ग्रंथ जोतीराव फुल्यांना. 'अस्पृश्य' हा १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तिघांच्या स्मृतीला. आणि पाकिस्तानवरचा ग्रंथ माता रमाईंना. ग्रंथ राजकारणाचा, आकडेवारीचा, आणि पहिल्या पानावर रामू! रमाई तेव्हा हयात नव्हत्या, १९३५ सालीच गेल्या होत्या. ज्या बाईने शेणाच्या गोवऱ्या थापून संसार रेटला, तिचे नाव त्यांनी जगापुढे ठेवले.

इथे एक कडू गोष्ट बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी १९५६ साली बाबासाहेबांनी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत, आजारपणात आपले आयुष्य वाढवल्याबद्दल डॉ. मालवणकरांचे आणि माईसाहेबांचे ऋण मान्य केले आहे. ग्रंथ १९५७ साली छापून आला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. माईसाहेबांशी आपण समाज म्हणून कसे वागलो ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. ज्यांचे ऋण खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले होते, त्यांच्या बाबतीत आपली जाण कुठे गेली होती?

दुसऱ्यांना विचारणे सोपे असते. आता आमचे स्वतःचे सांगतो. हे भाषणात सांगावे की नाही, ह्यावर घरात चर्चा झाली. मुलांची आई म्हणाली, सांगा, पण वाढवून सांगू नका.

२००९ साली आम्ही ज्या सूतगिरणीत होतो ती बंद पडली. नाव घेत नाही. एके दिवशी पहाटपाळीला गेलो तर फाटकाला कुलूप आणि कागद चिकटवलेला. देणी बुडाली ती बुडालीच, दावा अजून चालू आहे. पुढची तीन वर्षे आम्हाला कायमचे काम नव्हते. मोर्चे होते, निवेदने होती, कामगार आयुक्तांच्या कचेरीतल्या तारखा होत्या, आणि एप्रिल महिन्यात तर आमच्याइतका कामात दुसरा कोणी नव्हता. लॅम रोडपासून भगूरपर्यंत जिथे जयंतीचा मंडप, तिथे आमचे भाषण. रमाईंच्या त्यागावर आम्ही असे बोलायचो की बायकांच्या डोळ्यांना पाणी यायचे.

त्या तीन वर्षांत मुलांची आई कॅम्पातल्या एका सॅनिटोरियमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला जात होती. पहाटे पाचला निघायची. हंगामाला पाहुणे वाढले की दिवसाला दीडदोनशे पोळ्या. आली की घरचे. आम्ही कधी विचारले नाही की हात दुखतो का. आमच्या डोक्यात असे होते की आम्ही समाजाचे काम करतो आहोत, आणि घर आपोआप चालते आहे. घर आपोआप चालत नाही, हे पन्नाशी जवळ आलेल्या कार्यकर्त्याला कळू नये?

२०१२ च्या जयंतीला एका मंडळाने आमचा सत्कार केला. शाल, पुष्पगुच्छ, 'संघर्षशील कार्यकर्ता' असे लिहिलेले स्मृतिचिन्ह. घरी आणून ते टीव्हीवर ठेवले. मुलगी तेव्हा बारावीला होती. ती कॉलेजच्या फीची पावती घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, ह्या पावतीवर नाव तुमचं आहे. पैसे आईचे आहेत. आईचं नाव कुठंच नाही." बस्स, एवढेच बोलली. आम्ही काय केले असेल? चिडलो. "तुला शिकवलं ते ह्यासाठीच का", असे ओरडलो. म्हणजे बघा, वाड्यावरच्या बाईचे वाक्य आमच्या तोंडून निघाले. जाण ठेव! दोन दिवस घरात कोणाशी बोललो नाही.

पुढे काय झाले म्हणाल, तर फार मोठे काही झाले नाही. आपल्या घरांतून नवऱ्याने बायकोला 'आभारी आहे' म्हणायची पद्धत नाही. म्हटले तर तीच विचारील, बरं वाटत नाही का तुम्हाला. आम्ही चारला उठून पाणी भरायला लागलो. कणीक मळायला शिकलो. ती म्हणाली, "उशीर केलात, पण भरा." तिच्या मनगटाचा सांधा धरला आहे तो आजही मोकळा नाही. ते पाणी भरून फिटत नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सहा दिशा सांगितल्या आहेत आणि पत्नीला पश्चिम दिशा म्हटले आहे. तिचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा. हे आम्ही दहा वेळा व्याख्यानात सांगितले होते. त्याच सुत्तात खालची दिशा म्हणजे कामकरी. मालकाने त्याला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात बघावे, वेळेवर सुट्टी द्यावी. हा भाग मालकाविरुद्ध सांगताना आमचा आवाज चढायचा. पश्चिम दिशेजवळ आलो की आवाज आपोआप खाली यायचा, हे आम्हाला फार उशिरा लक्षात आले.

हा अनुभव आला तेव्हापासून दिवसाकडे बघायची आमची रीत थोडी बदलली. सकाळी अंगात सदरा घालतो तेव्हा कधी कधी मनात येते की ह्यात कापूस वेचणाऱ्या बाईचे दिवस आहेत, जिनिंगच्या धुळीत खोकणाऱ्याचा श्वास आहे, कोणातरी बदली कामगाराची रात्रपाळी आहे. गटार तुंबले की आपण फोन करून तक्रार करतो, आणि कोणीतरी आपलाच माणूस येऊन उपसतो. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, तरी त्या कामात माणसे मेल्याच्या बातम्या येतात. तो दारात आला तर त्याला निदान स्वच्छ पेल्यात पाणी द्यावे. असे दिवसातून दोन-तीनदा आठवले की, काय सांगावे, काम जरा कमी निरर्थक वाटते. आपणही कोणाच्या तरी सदऱ्यात आहोत असे वाटते. हल्ली आम्ही दुसऱ्या गिरणीत रोजंदारीवर आहोत, काम तेच, पगार कमी. ते बदललेले नाही, आणि त्यासाठी भांडणेही थांबवलेले नाही.

आता आपल्या विहाराकडे येतो, कारण खरे बोलायचे आहे ते इथलेच.

तुम्ही आत येता तेव्हा डाव्या हाताला संगमरवरी पाटी आहे. ज्यांनी मोठ्या रकमेचे दान दिले त्यांची नावे. त्यांनी दिले म्हणून भिंती उभ्या राहिल्या, त्यांना साधुवाद. पण आम्ही तेव्हा विशीच्या पुढे होतो, आम्हाला दुसरेही आठवते. दर रविवारी डबा घेऊन वस्तीत फिरणाऱ्या दोन बाया आठवतात. घरटी एक रुपया आणि मूठभर तांदूळ. रुपया नसला तर नुसते तांदूळ. स्लॅब पडला त्या रात्री टँकर आलाच नाही, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी सार्वजनिक नळापासून रांग लावून पहाटेपर्यंत हंड्यांनी पाणी पुरवले. खिडक्यांचे गज ज्या मुसलमान वेल्डरने लावले त्याने मजुरीचा पैसा घेतला नाही; म्हणाला, प्रार्थनेच्या जागेची मजुरी नको. पाया खणायला तोफखान्यात नोकरीला असलेला एक जवान सुट्टी घेऊन आला होता, आठ दिवस कुदळ मारून गेला, परत कधी दिसला नाही. आणि विहाराचे अंगण इतकी वर्षे पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जी म्हातारी बाई न चुकता झाडत होती, ती गेल्या पावसाळ्यात गेली. पुण्यानुमोदनाला आम्ही जेमतेम पंचवीस माणसे होतो. तिचे नाव पाटीवर नाही. राधाची पळी आपण विसरलो.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला नाशकात सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. बाबासाहेब, कर्मवीर दादासाहेब गायकवाड ही नावे आपल्याला पाठ आहेत, असलीच पाहिजेत. पण खेड्यापाड्यांतून चालत आलेल्या त्या हजारो माणसांच्या भाकरी कोणी थापल्या, पुरुष तुरुंगात गेल्यावर पोरे कोणी सांभाळली, त्यांची नावे कुठे आहेत? काही घरांतून अजून सांगितली जात असतील. सांगणारी माणसे गेली की ती नावेही जातील.

म्हणून आम्ही समितीपुढे एक सूचना ठेवली. पाटीवर नावे वाढवा असे आमचे म्हणणे नव्हते, संगमरवराचा भाव आम्हाला माहीत आहे. सूचना अशी की दोनशे पानी एक जाड वही आणावी आणि ह्या विहारासाठी ज्याने जे केले ते आठवून लिहावे. रक्कम नाही, काम लिहायचे. कोणी पाणी आणले, कोणी माती उचलली, कोणी शिपाई भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरांना रात्री विहाराचे दार उघडून दिले. अट एकच, स्वतःचे नाव स्वतः लिहायचे नाही. दुसऱ्याने सांगायचे.

समितीत थोडी ओढाताण झाली. एक जण म्हणाले, अशाने भांडणे होतील, कोणाचे राहिले म्हणून रुसवे होतील. होतीलही. एक म्हणाले, केलेल्याचा गाजावाजा करू नये, दान गुप्त असावे. त्यांना आम्ही म्हणालो, करणाऱ्याने गाजावाजा करू नये हे बरोबर. पण ज्याच्यासाठी केले त्याने गप्प बसावे असे कुठे सांगितले आहे? शेवटी ठराव झाला. वही आणली आहे. चाळीस रुपयांची आहे, ते समितीच्या खर्चात धरले आहेत.

काल रात्री पहिल्या पानावर आठ नोंदी झाल्या. अंगण झाडणाऱ्या त्या आजींचे नाव लिहायला घेतले तेव्हा एक अडचण आली. सगळ्यांना तिचे टोपणनाव माहीत होते, खरे नाव कोणालाच सांगता येईना. तिच्या नातवाला फोन केला तेव्हा कळले. इतकी वर्षे रोज 'जयभीम आजी' म्हणत होतो. तुमच्याही शेजारी अशी माणसे असतील, त्यांची नावे ती हयात आहेत तोवर विचारून घ्या.

वेल्डरमामा हयात आहेत, संसरी नाक्याकडे मुलाकडे राहतात. त्यांना आज बोलावले होते. तब्येतीमुळे येता आले नाही. रविवारी चारपाच जणांनी जायचे ठरले आहे, ज्यांना यायचे असेल त्यांनी आमच्याकडे नाव द्यावे. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. खीरदान झाल्यावर जाता जाता ज्यांना कोणाचे काही आठवेल त्यांनी सांगावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमची मुलगी तिथे बसणार आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.